देवळीतला चीन

मामा चहा संपला की कप उपडा करून त्याचं बूड बघायचे. घरात, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. मिरज स्टेशनबाहेरच्या टपरीवर कागदी कपात चहा मिळतो. तो कपही त्यांनी एकदा माझ्यादेखत उपडा केला, चष्मा कपाळावर चढवला, बुडाकडे बराच वेळ बघितलं आणि हळहळत म्हणाले, "कायबी लिवल्यालं न्हाई. बिचाऱ्याला गावच न्हाई."

टपरीवाला म्हणाला, "मामा, त्यात आता काय लिवायचं? फेकायचाच हाय की."

"म्हणूनच लिवायचं हुतं," मामा म्हणाले आणि तो कप घडी करून खिशात घातला.

ते निवृत्त पोस्टमन होते. गल्लीतले सगळे त्यांना पोस्टमनमामा म्हणत. मी कॉलेजसाठी मिरजेत तीन वर्षं त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिले. मामी आधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. खाली मामा आणि त्यांचा चीन, वर मी आणि माझी पत्रकं.

खालच्या खोलीत तीन फळ्या होत्या. त्यांवर एकोणीस कप, सात बशा आणि दोन मोठी ताटं, सगळी जुनी, चीन नाहीतर जपानची. भिंतीवर पाच पंखे उघडे करून लावलेले. खोलीला पश्चिमेची एकच खिडकी होती. चारच्या सुमाराला तिच्यातून ऊन आत आलं की ते आधी खालच्या फळीवर चढायचं, मग मधल्या, मग वरच्या. त्या वेळात खोली निळी व्हायची. भिंतींना चुना होता, त्यावर त्या निळ्याची अगदी पुसट झाक पडायची. मला कधी कधी वाटायचं, पाय टाकला तर पाणी लागेल.

त्या वेळी मामा एक ताट मांडीवर घेऊन बसायचे. ताटावर एक नदी, नदीवर कमानीचा पूल, पलीकडे दुमजली घर, त्याच्यामागे डोंगर. पुलावर नखाएवढा एक माणूस, खांद्यावर काठी, काठीला बोचकं.

"ह्यो आमच्यातला," मामा सांगायचे. "पोस्टमन हाय. चाल बघ की त्याची. सावकाराची चाल आशी नसती."

"कशावरून, मामा? व्यापारी असेल."

"व्यापारी पुलावर थांबून पानी बघतोय व्हय? ज्याला रोज त्योच पूल वलांडायचा आस्तो, त्योच थांबतो."

मग ते गप्प व्हायचे. अर्ध्या तासाने ताट जागेवर ठेवताना सांगायचे, "आज दुमजली घरापातूर जाऊन आलो. वरच्या खिडकीत बाई बसलीया. तिला पत्र न्हाई. मी म्हनलं, उद्या बघू." हे सांगताना ते हसत नसत. मीही हसत नसे. उन्हात डोळे अर्धवट मिटून त्या ताटाकडे बघितलं की मलाही पुलावरच्या माणसाचा पाय हलल्यासारखा वाटायचा.

पंख्यांचं वेगळं होतं. चार कागदाचे, एक रेशमाचा. कुणावर करकोचे, कुणावर धुक्यातली होडी. हे पंखे इकडच्या गावांत कसे आले, हा प्रश्न मी विचारला तेव्हा मामा म्हणाले, "पलटनीतनं. आपली मानसं कुठं कुठं न्हाई गेली? सिंगापूर, हाँगकाँग, ब्रह्मदेश. येताना बायकूला पंखा, आईला कपबशी. बायकू त्या पंख्यानं चूल फुंकायची." रेशमाचा पंखा त्यांना खरोखरच साताऱ्याकडच्या एका चुलीपुढे सापडला होता. त्याच्या दोन काड्या जळाल्या होत्या. त्या हाडाच्या होत्या. मामा तो घेऊन मिरजेतल्या एका सतारमेकरांकडे गेले. सतारीची घोडी घासून उरलेल्या हाडाच्या पट्ट्या त्यांच्याकडे असायच्या. त्या माणसाने दोन महिने लावून काड्या बसवल्या आणि वर म्हणाला, "मामा, आता हा वाजेल की काय बघा."

थंडीत मामा पंखे अंगणात आणून उन्हाला ठेवायचे. मी एकदा एक उचलून सहज वारा घेतला. मामा एवढे दचकले, की मी चोरी करताना सापडल्यासारखी उभी राहिले. "दमव नगंस त्याला," ते एवढंच म्हणाले.

कपांच्या बुडाला निळ्या अक्षरांत शिक्के होते. मोबाइलचा कॅमेरा वर धरला की त्या अक्षरांचा अर्थ कळतो, हे मी त्यांना उत्साहाने दाखवायला गेले. त्यांनी माझ्या हातातून कप काढून घेतला. "चौतीस वर्सं टपाल वाटलं. पत्ता वाचायचा, आतलं वाचायचं न्हाई. त्यांनी एकमेकास्नी काय लिवलं आसंल ते आसंल." त्या शिक्क्यांची हुबेहूब नक्कल मात्र त्यांच्या वहीत होती, शेजारी गावाचं नाव आणि घराची खूण. अर्थ एकाचाही नाही.

पुण्याहून एक जुन्या वस्तूंचे व्यापारी आले होते. त्यांनी निम्मे कप साधे ठरवले, चार बरे ठरवले, एकाकडे बघून खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "हा तुम्हाला मिळाला कुठे?"

"गोठ्यात," मामा म्हणाले.

व्यापाऱ्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. फळीवरचा एकूण एक कप गोठ्यातलाच होता. हे मला कळायला मात्र वर्ष गेलं, आणि कळलं तेव्हा मी तीन दिवस धड जेवले नाही.

मामा आमच्या कुंडलच्या बाजूच्या गावांतून टपाल वाटायचे. सायकल, उन्हाळा, दारोदार. लोक पोस्टमनला चहा दिल्याशिवाय सोडत नसत. पण मामांची जात सगळ्यांना ठाऊक. त्यांचा चहा ओट्यावर नाही, गोठ्यात. गोठ्याच्या भिंतीत देवळी असते, कंदील ठेवायचा कोनाडा. तिथे बाहेरच्यांसाठी एक कप ठेवलेला असायचा. देणारा वरून चहा ओतणार. पिणाऱ्याने पिऊन कप स्वतः विसळायचा आणि देवळीत उपडा ठेवून जायचं.

"आता बग," मामा सांगत होते, आवाज अगदी मऊ, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट, "घरात पितळी, जर्मन, पुढं स्टील. आन पलटनीतनं आलेला कप? त्याला कान न्हाई. चिन्यांच्या कपाला कान नसतोच. घरची म्हनायची, हे कसलं थोटं भांडं. आन कुनीतरी सांगितल्यालं, चिनी मातीत हाडाची भुकटी आस्ती. आवं, हाडं विलायती मातीत. हितं नुस्ती माती आन आग. पन देवघर बाटतंय म्हनून ह्यो गेला गोठ्यात. माज्यासाठी."

"म्हणजे घरातलं सगळ्यात सुंदर भांडं..."

"मला. शंभर दीडशे वर्सांचा राजाघरचा कप. त्ये स्टीलच्या गल्लासात वरपायचे." ते लहान मुलासारखे हसले. "पयल्यांदा विसळून उपडा ठिवला तवा बुडाला निळं दिसलं. शिक्काच की! म्हनलं, ह्येबी टपालच हाय. लय लांबनं आलंय, कुनी सोडवून घेतल्यालं न्हाई."

तेव्हापासून प्रत्येक घरी ते कपाचं बूड बघू लागले. घरच्यांना वाटायचं, पोरगा कप फार स्वच्छ धुतो.

निवृत्तीनंतर ते त्याच गावांतून परत फिरले, कप मागत. पैशाने विकत घ्यायचे नाहीत. फुकटही घ्यायचे नाहीत. त्यांची एक अट असायची. मामा स्वतः चहा करणार, त्या कपात ओतणार, आणि घरच्या कर्त्या माणसाने तो प्यायचा. मग कप मामांचा. नाही प्यायचा तर कप तिथेच राहू दे.

मामींना हे पटलं नव्हतं. त्या म्हणायच्या, ज्यात अपमान प्यालात ते भांडं माझ्या घरात कशाला? मामा म्हणायचे, "कपाचा काय गुना?" मामींनी त्या फळ्यांना कधी हात लावला नाही. तरी झाडताना त्या खोलीत पदर सावरून चालायच्या, धक्का लागू नये म्हणून. हेही मामांनीच सांगितलं.

एकदा मी त्यांच्याबरोबर त्यांच्या टपालाच्या वाटेवरच्या एका गावाला गेले. बागाईत गाव, स्लॅबचं घर, दारात चारचाकी. माझ्या वयाचाच तरुण पुढे आला, मोकळा, हसतमुख. "या मामा! तो कप ना? घेऊन जा की, पडूनच आहे." आणि त्याने आणून दिला. इतका पातळ, की मागे धरलेलं बोट दिसावं. आतल्या बाजूला एकच लाल मासा. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

मामांनी पिशवीतून थर्मास काढला. चहा ओतला. "घ्या, दादा."

"मी? नको नको, तुम्ही घ्या."

"तुमी घ्या की. घोटभर."

"मामा, माझा आज उपास आहे."

"चहा चालतो की उपासाला."

"चालतो, पण... ॲसिडिटी आहे हो." तो हसत होता. हसत हसत दोन पावलं मागे सरकला होता. "आणि ते भांडं किती वर्षं तिथं... तसं काही नाही हां मामा, आम्ही असलं काही मानत नाही."

"व्हय व्हय," मामा म्हणाले. त्यांनी तो चहा स्वतः प्यायला, कप नळावर विसळला आणि गोठ्यात जाऊन देवळीत उपडा ठेवला. तरुण मागून ओरडला, "अहो, न्या की मामा! फुकट देतोय!" मामांनी मागे बघितलं नाही.

बसमध्ये मी पेटले होते. गावाचं नाव, घराचं नाव घालून पत्रक काढते म्हणाले. आमच्या घरी माझी बाराखडी पत्रकांवर झालेली. वडील समतेची, पाण्याची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं टपालाने मागवायचे आणि गावोगाव वाटायचे. न्हाणीघरापर्यंत गठ्ठे असायचे. अन्याय दिसला की कागद काढायचा, हेच मला येत होतं.

मामा खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत म्हणाले, "काढ. लोक वाचतील. मग त्यात भजी बांधतील. चहा कोन पिनार?"

"मग सोडून द्यायचं?"

"मी कुटं सोडलंय? पुढच्या वर्सी परत येनार की."

जरा वेळाने, आवाज आणखी खाली आणून, ते म्हणाले, "मला ह्यो मासा नसला तरी चालतंय. एकच कप पायजे. ज्याचं बूड मी पयल्यांदा बघितलं त्यो. त्यो मिळाला म्हंजे मी मोकळा झालो."

"कुठे आहे तो?"

त्यांनी खिडकीची काच सरकवून बंद केली. मग म्हणाले, "तुमच्या गोठ्यात."

बस चालू होती. बाहेर उसाला तुरे आले होते, सगळा माळ राखाडी पांढरा हलत होता, आणि मला पाण्याखाली असल्यासारखं काही ऐकू येईना. मी एवढंच म्हणू शकले, "आमचं घर तसं नाही, मामा. आमच्याकडे तर पत्रकं यायची."

"त्ये गठ्ठे मीच आनायचो की," मामा म्हणाले. "लय वजन आसायचं."

बेंदराला, बैलांच्या सणाला, मी घरी गेले. वडिलांना सरळ विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "आपल्या घरात असलं कधी नव्हतं. तुझ्या आजोबांनी विहीर सगळ्यांना मोकळी केली होती." विहिरीचं खरं होतं, मी गावात ऐकलेलं होतं. मला हायसं वाटलं. तरी संध्याकाळी गोठ्यात गेले. आता तिथे ट्रॅक्टर असतो आणि एकच बैलजोडी. देवळीत हात घातला. एक गोळा हाताला लागला. बैलांच्या शिंगांना लावायचा ऑइलपेंट त्यात कालवत आले होते, वर्षानुवर्षं, लाल, हिरवा, पिवळा, एकावर एक. आत बोटभर पोकळी उरली होती. मी उपडा केला. बुडालाही रंग होता, पण नखाने खरवडल्यावर निळी रेघ निघाली.

वडील दारात उभे होते. "अगं, तो रंगाचा कप. ठेव तिथं."

"त्याआधी कुणाचा होता, दादा?"

"रंगाचाच," ते म्हणाले आणि आत गेले.

मी तो पिशवीत घातला. मिरजेला आणला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण अजून आपला म्हणाले नाहीत. अट बाकी होती. त्यांनी फक्त त्याला साफ करायला घेतलं. सतारमेकरांकडून पॉलिशला वापरायचं स्पिरिट आणलं, कापसाचा बोळा केला आणि रोज चारच्या उन्हात एकेक पापुद्रा काढू लागले. मी घाई करायचे. ते म्हणायचे, "धुकं हाय. हळूच जातंय." पहिले तीन दिवस नुसता रंग. मग हिरव्याखालून एका डोंगराचं टोक आलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या उतारावरची दोन झाडं. मग पाणी, नुसत्या चार रेघांचं, तरी वाहतं. आठव्या दिवशी होडी आली आणि तिच्यात कुणीही नव्हतं. मी कॉलेज बुडवून खाली बसून राहायचे. त्या आठवड्यात मी एकही ओळ लिहिली नाही.

मामा गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्यांच्या भाच्याने सगळा संग्रह खोकी भरून नीट नेला. वही त्याने मला दिली. तिच्यात आमच्या घरासमोर खूण म्हणून लिहिलंय, "पिंपरणीचं झाड. चहा चांगला."

कप साफ झाला त्याच महिन्यात, मामा असतानाच, वडील मिरजेला आले होते ते रक्तातल्या साखरेच्या तपासणीसाठी. वर्षातून दोनदा येतात. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, अटीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि उसाच्या तोडीबद्दल बोलायला लागले. मी मामांना म्हणाले, मी त्यांना प्यायला लावते. मामा रागावले, असे ते क्वचितच रागवायचे. "लावून पाजल्यालं औषध आस्तं. चहा न्हाई. तू एक शब्द बोलायचा न्हाईस."

तर मी बोलले नाही. माझ्या पर्समध्ये लिहून तयार केलेलं पत्रक होतं, आमच्याच घराचं नाव घातलेलं. तेही बाहेर काढलं नाही.

वडील आले, खुर्चीत बसले. फळ्यांकडे बघितलं. दोघे पावसाबद्दल बोलले, कारखान्याबद्दल बोलले. मामा आत जाऊन चहा करून आले. किटली आणि तो एकच कप. वडिलांसमोर स्टुलावर ठेवला.

"मला साखर आहे," वडील म्हणाले.

"बिनसाखरंचा हाय."

"डॉक्टरांनी चहाच कमी..." वडील थांबले. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघत होते. ऊन मधल्या फळीवर आलं होतं. खोली निळी व्हायला लागली होती.

मग वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "मीच ओतायचो. हातभर वरून. आई सांगायची, टेकवू नको."

"व्हय," मामा म्हणाले. "एकदा माज्या मनगटावर सांडलावता. तुमी पळत जाऊन पानी आनलं."

"आणि तेही वरूनच ओतलं."

"त्येबी वरनंच," मामा म्हणाले. त्यात टोचणी नव्हती. घडलेलं जसं होतं तसं ते सांगत होते.

"गठ्ठा सोडायचो तुम्ही गेल्यावर," वडील म्हणाले. "वाचायचो. रात्र रात्र वाचायचो. दुसऱ्या दिवशी परत..." पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. आयुष्यभर सभा गाजवलेला माझा बाप, त्याला शब्द सापडत नाही हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला आनंद होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही.

मामांनी किटली उचलली. तिचं तोंड कपाच्या काठावर नीट टेकवलं. टण्ण असा बारीक आवाज झाला. चहा आत गेला, होडीच्या खालपर्यंत, मग वरपर्यंत.

वडिलांनी कप उचलला आणि लगेच खाली ठेवला. बोटं झटकली. बिनकानाचा कप, आणि चहा उकळता.

"आसं न्हाई, आण्णा," मामा म्हणाले. ते उठले, स्टुलाशी वाकले, आणि माझ्या वडिलांचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. एकेक बोट सोडवून जागेवर ठेवलं. "अंगठा काठाला. ह्ये बोट बुडाला. मदी धरायचं न्हाई. मदी आग आस्ती. आमास्नी सवयीनं कळलं."

वडिलांनी तसा धरला. मामांनी हात काढला नाही. वडील प्यायले, एक घोट, दुसरा, मग न थांबता. कप रिकामा झाला तेव्हा त्यांचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता. तो त्यांनी पुसला नाही. तसाच आंधळ्यासारखा त्यांनी कप मामांच्या दिशेने पुढे केला.

"अजून अर्धा मिळेल का?" ते म्हणाले.